अनुभव, पुरावा आणि निर्णय : शाळेने शैक्षणिक संशोधनाचा उपयोग कसा करावा?

कोणत्याही शाळेत वर्षभरात शेकडो निर्णय घेतले जातात. पाचवीच्या दोन तुकड्या कशा पाडाव्यात, वाचनात मागे पडलेल्या मुलांसाठी वेगळा तास ठेवावा की नाही, सायंकाळच्या अभ्यासिकेत मुलांनी नेमके काय करावे, आलेल्या देणगीतून पुस्तके घ्यावीत की संगणक, घटक चाचण्या वाढवाव्यात की कमी कराव्यात, हे सारे प्रश्न शिक्षकांच्या बैठकीत येतात आणि दहा-पंधरा मिनिटांत निकालात निघतात. त्यांपैकी पुष्कळांची इतिवृत्तात नोंददेखील होत नाही. मुलांच्या वाटचालीवर मात्र त्यांचा परिणाम अनेक वर्षे टिकतो.

निवासी शाळेच्या बाबतीत ही जबाबदारी अधिक जड होते. घरी राहून शिकणाऱ्या मुलाला शाळेच्या एखाद्या चुकीच्या निर्णयावर घरात किंवा शेजारीपाजारी उतारा मिळू शकतो. वसतिगृहातील मुलाचा उठण्यापासून झोपण्यापर्यंतचा संपूर्ण दिवस शाळाच आखते. अशा शाळांतील कित्येक मुले आपल्या घराण्यात पहिल्यांदाच माध्यमिक शाळेचे तोंड पाहणारी असतात. शेतमजुरी, ऊसतोडणी, वीटभट्टी किंवा शहरातील हातावरचे पोट सांभाळत त्यांच्या आईवडिलांनी मूल मोठ्या विश्वासाने शाळेच्या स्वाधीन केलेले असते. ते मूल मागे पडले, तर "आम्हांला जे योग्य वाटले ते आम्ही केले" एवढे उत्तर पुरेसे ठरत नाही. जे योग्य वाटले, ते कशाच्या आधारावर वाटले, हेही सांगता आले पाहिजे. हा आधार कसा शोधावा, त्याची पारख कशी करावी आणि त्याच्या मर्यादा कशा ओळखाव्यात, याचे विवेचन प्रस्तुत लेखात करावयाचे आहे.

निर्णयाचे तीन आधार

शाळेतील निर्णय साधारणपणे तीन गोष्टींवर उभे असतात. पहिला आधार अनुभवाचा. वीस वर्षे गणित शिकविलेल्या शिक्षकाला मुले अपूर्णांकांत कोठे अडखळतात हे ठाऊक असते, आणि ते ज्ञान कोणत्याही पुस्तकातून मिळत नाही. दुसरा आधार प्रघाताचा व आदेशाचा. "आपल्याकडे पूर्वीपासून असेच चालते" किंवा "वरून परिपत्रक आले आहे" या दोन वाक्यांवर शाळेचा मोठा कारभार चालतो. तिसरा आधार संशोधनाचा, म्हणजे पद्धतशीरपणे गोळा केलेल्या आणि इतरांना तपासता येईल अशा पुराव्याचा. आपल्याकडे हा तिसरा आधार सर्वांत कमी वापरला जातो.

अनुभवाचे मोल मान्य करूनही त्याची एक मोठी अडचण ध्यानात घ्यावी लागते. ती अडचण तुलनेची आहे. समजा, एका शिक्षकाने मागे पडलेल्या मुलांसाठी सकाळचा जादा तास सुरू केला आणि वर्षअखेर त्या मुलांचे गुण वाढले. जादा तासामुळेच गुण वाढले, असा निष्कर्ष काढण्याचा मोह होतो. परंतु तीच मुले वर्षभरात वयानेही वाढली, वर्गातील नेहमीचे शिक्षणही त्यांना मिळाले, आणि तासाला नियमित येणारी मुले मुळातच अधिक जिद्दी असण्याचा संभव आहे. जादा तास नसता तर काय झाले असते, हे शिक्षकाला दिसत नाही. आणि जे दिसत नाही, तेच येथे महत्त्वाचे असते.

ही अडचण किती फसवी आहे, याचे उदाहरण केनियातील एका अभ्यासातून मिळते. पॉल ग्लेव्ह, मायकेल क्रेमर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तेथील ग्रामीण शाळांत भिंतीवर टांगावयाच्या तक्त्यांचा अभ्यास केला. ज्या शाळांत आधीपासून तक्ते होते आणि ज्यांत नव्हते, अशा शाळांची नुसती तुलना केली तेव्हा तक्ते असलेल्या शाळांतील मुलांचे गुण चांगलेच जास्त आढळले. मग संशोधकांनी कोणत्या शाळांना तक्ते द्यावयाचे हे जणू चिठ्ठ्या टाकून ठरविले आणि पुन्हा तुलना केली. या वेळी तक्ते मिळालेल्या व न मिळालेल्या शाळांत काहीच फरक दिसला नाही. पहिल्या तुलनेत दिसलेला फरक तक्त्यांचा नव्हता. ज्या शाळा तक्ते मिळवू शकत होत्या, त्या इतर अनेक बाबतींतही बऱ्या स्थितीत होत्या, म्हणून तो फरक दिसला होता.

चिठ्ठ्या टाकून दोन गट करण्याची ही पद्धत औषधांच्या चाचणीत फार पूर्वीपासून रूढ आहे. शिक्षणक्षेत्रात तिचा उपयोग गेल्या काही दशकांत वाढला. २०१९ साली अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि मायकेल क्रेमर यांना अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले, ते दारिद्र्यनिवारणाच्या उपायांची अशा रीतीने परीक्षा घेण्याच्या कार्याबद्दल. त्या कार्याचा एक महत्त्वाचा भाग आपल्या मुंबईतील महानगरपालिकेच्या शाळांत घडला आहे.

मुंबईतील 'बालसखी'चा धडा

'प्रथम' ही संस्था १९९० च्या दशकाच्या मध्यात मुंबईतील वस्त्यांमध्ये मुलांच्या शिक्षणाचे काम करू लागली. तिसरी-चौथीत बसूनही पहिली-दुसरीचे वाचन व अंकज्ञान न आलेली मुले मोठ्या संख्येने आहेत, हे या कामात ठळकपणे दिसून आले. त्यावर 'बालसखी' नावाचा उपाय योजण्यात आला. माध्यमिक शिक्षण झालेली त्याच वस्तीतील एखादी तरुणी निवडायची, तिला सुमारे दोन आठवड्यांचे प्रशिक्षण द्यायचे, आणि वर्गातील मागे पडलेली पंधरा-वीस मुले रोज साधारण दोन तास तिच्याकडे सोपवायची. तिने इयत्तेचा पाठ न शिकविता, मुले जेथे थांबली आहेत तेथून, म्हणजे अक्षरे, शब्द, संख्या यांपासून सुरुवात करावयाची. तिचे मानधन महिन्याला पाचशे ते साडेसातशे रुपये होते.

२००१ ते २००३ या दोन शैक्षणिक वर्षांत मुंबई आणि वडोदरा येथील शाळांत या उपायाची परीक्षा घेण्यात आली. काही शाळांत एका इयत्तेला, तर इतर शाळांत दुसऱ्या इयत्तेला बालसखी देण्यात आली, आणि ही वाटणी चिठ्ठ्यांच्या तत्त्वावर झाली. त्यामुळे कोणतीही शाळा पूर्णपणे वंचित राहिली नाही आणि तुलनाही खरी झाली. अभिजित बॅनर्जी, शॉन कोल, एस्थर डुफ्लो आणि ली लिंडन यांनी २००७ साली प्रसिद्ध केलेल्या निष्कर्षांनुसार दुसऱ्या वर्षाच्या अखेरीस बालसखी असलेल्या वर्गांची प्रगती ०.२८ प्रमाण विचलन इतकी अधिक होती. संख्याशास्त्राची ही भाषा सोपी करून सांगावयाची, तर शंभर मुलांच्या रांगेत बरोबर मध्यभागी उभे असलेले मूल आपल्या पुढची दहा-अकरा मुले ओलांडून गेले, असे म्हणता येईल. एका वर्षात आणि इतक्या अल्प खर्चात झालेली ही प्रगती मोठीच म्हटली पाहिजे.

परंतु निष्कर्ष केवळ मथळ्यापुरता वाचला, तर त्यातील खरा धडा निसटतो. या अभ्यासातील आणखी दोन गोष्टी शाळेने नीट पाहिल्या पाहिजेत. मागची मुले बालसखीकडे गेल्यामुळे मूळ वर्गात उरलेल्या मुलांची संख्या घटली, शिक्षकाला कमी मुले सांभाळावी लागली. तरी त्या उरलेल्या मुलांच्या प्रगतीत म्हणण्याजोगी वाढ झाली नाही. याचा अर्थ असा की, नुसती पटसंख्या कमी करून शिकविण्याची रीत तीच ठेवली, तर फारसे साधत नाही. लाभ झाला तो मुलाच्या पातळीवर उतरून शिकविण्याचा. दुसरी गोष्ट अधिक सावध करणारी आहे. उपक्रम थांबल्यानंतर एका वर्षाने पाहिले तेव्हा त्या मुलांचा लाभ शिल्लक होता, पण ०.१ प्रमाण विचलनापर्यंत ओसरला होता. आधार काढून घेतला की कमावलेले हळूहळू विरते, हे अनुभवी शिक्षक जाणतातच. येथे त्याचे मोजमाप मिळाले.

एका ठिकाणचा पुरावा दुसऱ्या ठिकाणी

संशोधन हाती आले की ते जसेच्या तसे उचलण्याची घाई होते. त्याबाबत केनियातीलच दुसरा एक अभ्यास बोलका आहे. तेथील ग्रामीण शाळांत पाठ्यपुस्तकांची तीव्र टंचाई होती. एका पुस्तकावर अनेक मुले अवलंबून असत. पुस्तके दिली की गुण वाढतील, यात कोणाला शंका वाटण्याचे कारण नव्हते. चिठ्ठ्यांच्या पद्धतीने निवडलेल्या शाळांना पुस्तके देण्यात आली, पण सरासरी गुण वाढले नाहीत. आधीपासून पुढे असलेल्या मुलांना मात्र लाभ झाला. असे का व्हावे? पुस्तके इंग्रजीत होती आणि बहुतेक मुलांसाठी इंग्रजी ही घरची बोली व स्वाहिली यांच्यानंतरची तिसरी भाषा होती. ज्यांना पुस्तक वाचता येत होते, त्यांनाच ते उपयोगी पडले.

यावरून पुस्तके देऊ नयेत, असा अर्थ कोणी काढू नये. वाचू न शकणाऱ्या मुलाच्या हाती त्याच्या पातळीबाहेरचे पुस्तक ठेवले तर पुस्तकाचे दान होते, शिक्षण होत नाही, एवढाच याचा अर्थ. आपल्या वसतिगृहांतही निरनिराळ्या बोली घेऊन मुले येतात. कोणाच्या घरी वऱ्हाडी, कोणाच्या घरी अहिराणी, कोणाच्या घरी गोंडी बोलली जाते. प्रमाण मराठीतील विज्ञानाचे पुस्तक आणि त्यापुढे इंग्रजी माध्यमाचा आग्रह यांचा विचार करताना केनियाचा हा अनुभव डोळ्यांपुढे असावा. देणगीदाराला "किती पुस्तके वाटली?" या प्रश्नाचे उत्तर हवे असते. शाळेने मात्र "किती मुले ती वाचू शकतात?" हा प्रश्न आधी विचारावा.

परिपत्रकाने काय साधते?

मग संशोधनाचे निष्कर्ष छापून शाळाशाळांत पाठविले, तर शिक्षक त्याप्रमाणे वागू लागतील का? या प्रश्नाचीच परीक्षा इंग्लंडमध्ये झाली आहे. तेथे २०११ साली स्थापन झालेली 'एज्युकेशन एन्डाउमेंट फाउंडेशन' ही संस्था शैक्षणिक उपायांचा पुरावा गोळा करून तो शिक्षकांना सोप्या भाषेत उपलब्ध करून देते. या संस्थेच्या साहाय्याने झालेल्या एका चाचणीत बारा हजारांहून अधिक प्राथमिक शाळांचा समावेश होता. काही शाळांना भाषाशिक्षणाविषयीच्या संशोधनाचे सारांश, मासिके व इतर साहित्य पाठविण्यात आले. काहींना परिसंवादांचे निमंत्रणही देण्यात आले. २०१७ साली प्रसिद्ध झालेला निष्कर्ष असा, की केवळ अशा साहित्याने मुलांच्या भाषेतील संपादणुकीत वाढ झाली नाही.

आपल्या देशातही याच्याशी मिळताजुळता अनुभव आहे. हरियाणात सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापनाच्या योजनेची परीक्षा घेण्यात आली. शिक्षकांना प्रशिक्षण मिळाले, नोंदवह्या मिळाल्या, तक्ते भरले गेले. मुलांच्या शिक्षणावर त्याचा लक्षणीय परिणाम आढळला नाही. त्याच राज्यात दुसऱ्या काही शाळांत रोज एक ठराविक तास केवळ मूलभूत वाचनासाठी राखून ठेवला गेला, इयत्तेऐवजी पातळीनुसार मुलांचे गट केले गेले, आणि शाळांना भेट देऊन शिक्षकांना प्रत्यक्ष मदत करणारे मार्गदर्शक नेमले गेले. तेथे मुलांचे हिंदी वाचन सुधारले.

दोन्हीकडे शिक्षक सरकारी शाळांतलेच होते आणि दोन्हीकडे मूल्यमापन होते. एकीकडे मूल्यमापनाची परिणती नोंदवहीत झाली. दुसरीकडे त्यावरून मूल कोणत्या गटात बसेल आणि आज काय शिकेल, हे ठरले. कित्येक शिक्षक नोंदवह्यांच्या ओझ्याविषयी तक्रार करतात, त्या तक्रारीत तथ्य आहे. ज्या नोंदीतून उद्याच्या तासात काहीच बदलत नाही, ती नोंद शिक्षकाचा वेळ घेते आणि मुलाला काही देत नाही.

अभ्यासिकेचे उदाहरण

आता निवासी शाळेच्या रोजच्या व्यवहारातील एक निर्णय घेऊन या विचाराचा उपयोग करून पाहू. सायंकाळच्या अभ्यासिकेत मुले बहुधा धडा पुन्हा पुन्हा वाचतात. शांतता असते, पुस्तके उघडी असतात, गृहप्रमुखांना समाधान वाटते. हा वेळ सत्कारणी लागतो का?

हेन्री रोडिगर आणि जेफ्री कार्पिक या मानसशास्त्रज्ञांनी २००६ साली प्रसिद्ध केलेला एक प्रयोग येथे उपयोगी पडतो. विद्यार्थ्यांनी एक उतारा वाचला. त्यानंतर काहींनी तोच उतारा पुन्हा वाचला, तर काहींनी तो न पाहता आठवेल तेवढा लिहून काढला. पाच मिनिटांनी घेतलेल्या परीक्षेत पुन्हा वाचणारे पुढे होते. त्यांना ८१ टक्के, तर आठवून लिहिणाऱ्यांना ७५ टक्के मजकूर सांगता आला. एका आठवड्याने चित्र पालटले. पुन्हा वाचणाऱ्यांजवळ ४२ टक्के उरले, आठवून लिहिणाऱ्यांजवळ ५६ टक्के. पुनर्वाचनाने विषय आल्यासारखा वाटतो; आठवण्याच्या प्रयत्नाने तो टिकतो.

हा प्रयोग महाविद्यालयीन विद्यार्थ्यांवर, छोट्या उताऱ्यांवर झाला होता. पुढे अमेरिकेतील इलिनॉय राज्यात सहावीच्या समाजशास्त्राच्या वर्गातही छोट्या, गुण न धरल्या जाणाऱ्या प्रश्नमंजुषांचा असाच लाभ दिसून आला. तरीही आपल्या शाळेने तो डोळे झाकून स्वीकारावा, असे नाही. त्याची साधी परीक्षा घेता येते. आठवीच्या दोन तुकड्यांपैकी एका तुकडीने दोन आठवडे विज्ञानाचा एक घटक नेहमीप्रमाणे वाचावा. दुसऱ्या तुकडीने अभ्यासिकेतील शेवटची वीस मिनिटे पुस्तक मिटून, आठवेल ते वहीत लिहावे आणि मग पुस्तक उघडून चुका दुरुस्त कराव्यात. पुढच्या घटकाला तुकड्यांनी आपसांत अदलाबदल करावी. प्रत्येक घटकानंतर एका आठवड्याने, आधी न सांगता, दोन्ही तुकड्यांना दहा प्रश्न विचारावेत. अदलाबदल केल्यामुळे एक तुकडी मुळातच हुशार असल्याचा दोष बराच कमी होतो.

अशी परीक्षा विद्यापीठाच्या दर्जाची ठरणार नाही. तिचे हेतूही वेगळे आहेत. बाहेरच्या अनेक अभ्यासांनी दाखविलेली गोष्ट आपल्या मुलांत, आपल्या परिस्थितीत, आपल्या हातून घडते का, एवढेच पाहावयाचे असते. त्यासाठी कागद, पेन्सिल आणि एका शिक्षकाची चिकाटी पुरते.

मुलाची ओळख आणि त्याची कामगिरी

काही निर्णय असे असतात, की ते निर्णय आहेत हेच कोणाच्या लक्षात येत नाही. शिष्यवृत्तीच्या अर्जासाठी भर वर्गात प्रवर्गनिहाय मुलांची नावे पुकारणे, जातीच्या दाखल्याची चौकशी सर्वांदेखत करणे, ही अनेक शाळांतील जुनी रीत आहे. त्यामागे बहुधा दुष्ट हेतू नसतो. कामाची घाई असते.

कार्ला हॉफ आणि प्रियांका पांडे यांनी उत्तर प्रदेशातील ग्रामीण भागात सहावी-सातवीच्या मुलांवर केलेला अभ्यास या संदर्भात प्रत्येक शिक्षकाने जाणून घ्यावा असा आहे. त्यात तथाकथित उच्च जातींतील ३२१ आणि दलित समाजातील ३२१ मुलगे सहभागी झाले होते. त्यांना कागदावरील चक्रव्यूह सोडविण्यास सांगितले आणि सोडविलेल्या प्रत्येक चक्रव्यूहासाठी पैसे ठेवले. मुलांची जात जाहीर केली नव्हती, तेव्हा दोन्ही गटांच्या कामगिरीत म्हणण्याजोगा फरक नव्हता. गटासमोर प्रत्येकाचे नाव आणि जात उच्चारून मग तेच काम दिले, तेव्हा दलित मुलांची कामगिरी लक्षणीयरीत्या घसरली. बुद्धी तीच, कागद तोच, बक्षीसही तेच. बदलला तो केवळ एक उच्चार.

उत्तरपत्रिका तपासण्याविषयी रेमा हॅना आणि ली लिंडन यांनी भारतातच केलेला आणि २०१२ साली प्रसिद्ध झालेला अभ्यासही असाच अंतर्मुख करणारा आहे. उत्तरपत्रिकांच्या मुखपृष्ठावर मुलाची जात आणि इतर माहिती चिठ्ठ्यांच्या पद्धतीने लिहून त्या शिक्षकांना तपासावयास दिल्या. खालच्या मानल्या गेलेल्या जातीची नोंद असलेल्या उत्तरपत्रिकांना सरासरीने किंचित कमी गुण मिळाले. फरक लहान होता. पण तो मुख्यतः त्याच जातींतून आलेल्या शिक्षकांच्या तपासणीत आढळला, ही बाब कोणालाही अस्वस्थ करील. आपण स्वतः अन्याय सोसलेला आहे, म्हणून आपल्या हातून तो होणार नाही, असे गृहीत धरणे सुरक्षित नाही.

या दोन्ही अभ्यासांतून निघणारे निर्णय विनाखर्चाचे आहेत. दाखल्यांची कामे कार्यालयात, एकेका मुलाला बोलावून करावीत. सहामाही व वार्षिक परीक्षेच्या उत्तरपत्रिकांवर नावाऐवजी क्रमांक असावा आणि तो उलगडण्याचे काम तपासणी संपल्यावर व्हावे. शासनाच्या आदेशाची वाट पाहण्याचे येथे काहीच कारण नाही.

शिक्षकांच्या बैठकीसाठी सहा प्रश्न

नवा उपक्रम सुचविला गेला, मग तो एखाद्या संस्थेने आणलेला असो, विक्रेत्याने सांगितलेला असो वा आपल्याच उत्साही सहकाऱ्याने मांडलेला असो, बैठकीत पुढील प्रश्न विचारण्याची सवय लावून घ्यावी.

एक, आपली नेमकी अडचण कोणती? "मुले कच्ची आहेत" हे अडचणीचे वर्णन नव्हे. "पाचवीतील इतक्या मुलांना परिच्छेद वाचता येत नाही" हे वर्णन होय.

दोन, हा उपाय लाभतो हे कोणत्या तुलनेवरून ठरले? उपक्रमापूर्वीचे आणि नंतरचे गुण एवढीच तुलना असेल, तर ती अपुरी समजावी.

तीन, ज्या मुलांवर तो यशस्वी झाला, त्यांच्याशी आपल्या मुलांचे वय, भाषा आणि परिस्थिती कितपत जुळते?

चार, लाभ सर्वांना झाला की पुढे असलेल्यांनाच? सरासरीच्या आड मागची मुले झाकली जातात.

पाच, त्यासाठी शिक्षकाचा किती वेळ लागेल आणि तो कोणत्या कामातून काढावयाचा? कोणतेही जुने काम कमी न करता लादलेला उपक्रम पहिल्या घटक चाचणीपर्यंतच टिकतो.

सहा, तो चालला नाही हे आपल्याला केव्हा आणि कशावरून कळेल? हा प्रश्न आरंभीच विचारला नाही, तर उपक्रम कधीच अयशस्वी ठरत नाही. तो केवळ विसरला जातो.

या प्रश्नांमुळे शिक्षकाच्या अनुभवाला दुय्यम स्थान मिळते, असे समजू नये. पहिला, तिसरा आणि पाचवा हे प्रश्न अनुभवी शिक्षकावाचून सुटतच नाहीत. संशोधन सर्वसाधारण मुलाविषयी बोलते. समोर बसलेली विशिष्ट मुलगी गेल्या आठवड्यापासून गप्प का आहे, हे तिच्या वर्गशिक्षिकेलाच कळते.

पालक, माजी विद्यार्थी आणि समाज

शाळेच्या निर्णयांत समाजाचाही हातभार असतो, विशेषतः देणगीच्या रूपाने. माजी विद्यार्थी कृतज्ञतेने जे देतात, त्यावर बहुधा एखादी खोली, प्रवेशद्वार किंवा संगणक कक्ष उभा राहतो. ते आवश्यकच असते. परंतु 'बालसखी'चा अनुभव सांगतो, की वस्तीतील एका सुशिक्षित तरुणीचे दोन तास हे मागे पडलेल्या मुलाला फार मोठे साहाय्य ठरू शकते. उन्हाळी सुटीत किंवा रविवारी येऊन पंधरा मुलांच्या एका गटाला वर्षभर नियमाने वाचन शिकविणारा माजी विद्यार्थी शाळेला मोलाची देणगी देतो. त्यातही नियमितपणा महत्त्वाचा, कारण आधार तुटला की लाभ ओसरतो, हे आपण पाहिले.

पालकांनीही प्रश्न विचारावेत. "माझ्या मुलाला किती टक्के मिळाले?" या प्रश्नाबरोबरच "त्याला नीट वाचता येते का? तो कोठे अडतो? त्यासाठी शाळा काय करीत आहे?" हे विचारण्याचा त्यांना पूर्ण अधिकार आहे. ज्यांना स्वतःला लिहिता-वाचता येत नाही, तेही मुलाला गोष्ट वाचून दाखवावयास सांगू शकतात. तो अडखळतो की सलग वाचतो, हे कानाला कळते.

आकडे आणि पुरावे ही शिक्षित वर्गाची मिरासदारी आहे, असे मानण्याचे आपल्याला तरी कारण नाही. मार्च १९२७ मध्ये मुंबई कायदेमंडळात शिक्षणाच्या अनुदानावर बोलताना डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी सरकारी अहवालातील आकडेच सरकारपुढे ठेवले होते. प्राथमिक शाळेत दाखल होणाऱ्या शंभर मुलांपैकी केवळ अठरा चौथ्या इयत्तेपर्यंत पोहोचतात आणि उरलेली ब्याऐंशी पुन्हा निरक्षरतेत लोटली जातात, हे त्यांनी दाखवून दिले. पुढील वर्षी बहिष्कृत हितकारिणी सभेच्या वतीने सायमन आयोगाला सादर केलेल्या निवेदनातही अस्पृश्य वर्गाच्या शिक्षणाची स्थिती त्यांनी आकडेवारीनिशी मांडली. त्याच सभेने १९२५ च्या जानेवारीत सोलापूरला वसतिगृह सुरू केले होते. म्हणजे मुलांना निवारा देणे आणि त्यांच्या शिक्षणाची मोजणी करणे ही दोन्ही कामे तेव्हापासून हातात हात घालून चालली आहेत.

कोलंबिया विद्यापीठात बाबासाहेबांना ज्यांचे अध्यापन लाभले, ते जॉन ड्युई यांनी १८९६ साली शिकागो विद्यापीठात प्रयोगशाळा म्हणून एक शाळा चालविली होती. शिक्षणशास्त्राच्या उगमांविषयी १९२९ साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या छोट्या पुस्तकात त्यांनी अशी भूमिका घेतली, की संशोधनाचे निष्कर्ष शिक्षकाला तयार नियम पुरवीत नाहीत. ते त्याचे निरीक्षण अधिक डोळस करतात. काय पाहावे हे संशोधन सुचविते, पाहण्याचे आणि ठरविण्याचे काम शिक्षकालाच करावे लागते.

निवासी शाळेत आज प्रवेश घेणारे मूल पाच-सहा वर्षांनी बाहेर पडेल. या काळात त्याच्याविषयी घेतलेल्या निर्णयांपैकी काही चुकतील, हे अटळ आहे. ते चुकले हे लवकर कळावे आणि त्याच मुलाच्या शालेय आयुष्यात दुरुस्त व्हावेत, पुढच्या तुकडीपर्यंत थांबू नये, यासाठी पुराव्याची गरज आहे. येत्या जूनमध्ये प्रत्येक वर्गशिक्षकाने आपल्या वर्गातील प्रत्येक मुलाला एक परिच्छेद वाचावयास द्यावा आणि कोण कोठे थांबले याची एका पानावर नोंद करावी. दिवाळीपूर्वी तेच पान पुन्हा उघडावे. पुढील निर्णय त्या पानावरून सुरू करता येतील.